मॅडमला विचारायचं नाही

परीक्षेला बसताना पोरांच्या पोटात गोळा येतो. समिधा टेंबेच्या पोटात तो रोज बारावीच्या वर्गात शिरताना यायचा, आणि ती तर तिथली मॅडम होती! भीती मुलींची नव्हती हो. मुली बिचाऱ्या गरीब गाई. भीती त्यांच्या हातांची. एखादा हात डोक्याच्या वर गेला, की समिधाची जीभ टाळ्याला चिकटायची आणि खडू धरलेली बोटं गार पडायची.

तिचे वडील, शशिकांत टेंबे सर, हिंदी मुलखातल्या याच सरकारी कन्याशाळेत फिजिक्स शिकवायचे. नोकरीत असतानाच गेले, तेव्हा अनुकंपेवर मुलीला प्रयोगशाळेत जागा मिळाली. समिधा बी. एस्सी., पण वनस्पतिशास्त्राची. काचेची भांडी पुसून ठेवायची, तारा जोडून द्यायच्या, प्रॅक्टिकल संपलं की कुलूप लावायचं. त्यात ती सुखात होती. पण गणपतीच्या सुमारास फिजिक्सची मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेली, बदली कोणी आलं नाही, आणि प्राचार्य दुबे सरांनी समिधाला बोलावून घेतलं.

"सर, मैं तो बॉटनी वाली हूँ," ती म्हणाली.

"अरे, टेंबे सर की बिटिया हो! फिजिक्स तो तुम्हारे खून में है."

रक्तात काय काय असतं ते बॉटनीवालीलाही थोडंफार ठाऊक असतं. फिजिक्स त्यात नसतं. पण प्राचार्यांच्या तोंडी कोण लागणार? चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी येऊन तिने आईला सांगितलं, तर नंदाबाईंनी भाजी निवडता निवडता वरही पाहिलं नाही.

"काहून घाबरून राहिली तू? बाबांची पुस्तकं आहेत न घरी. चार दिवस वाचलं की येते सगळं."

जगात सगळ्यांना असंच वाटतं. हलवायाच्या पोराला जिलबी येणारच आणि मास्तराच्या पोरीला धडा. समिधालाही कुठेतरी वाटलं असेल, म्हणूनच ती 'नाही' म्हणाली नाही. शिवाय नोकरी अजून पक्की नव्हती. परिवीक्षेचा काळ चालू होता. एखाद्या पालकाने तक्रार केली, वर कागद गेला, तर आई-लेकीने जायचं कुठे? त्या एका नोकरीवर घर उभं होतं.

मग सुरू झाली तिची लपाछपी. पहाटे उठून मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, त्यातलं फळ्यावर उतरवायचं, उरलेला वेळ हजेरीत घालवायचा. एवढं करूनही प्रश्न आलाच, तर वापरायची हत्यारं तिने जमवून ठेवली होती. 'अच्छा सवाल है, घर से सोचकर आओ' हे एक. 'यह कोर्स में नहीं है' हे दुसरं. आणि अगदीच गळ्याशी आलं की खोकला. व्हिडिओत एक बरं असतं, तिथे कोणी हात वर करत नाही.

हात वर करणारी मुख्य म्हणजे रश्मी. पाटन गावाकडून रोज बसने यायची, डोक्याला तेल चोपडलेलं, दप्तर छातीशी धरलेलं. दिसायला साधी, पण प्रश्न असे, की ऐकणाऱ्याचं धाबं दणाणावं. अणूचा धडा लागला आणि तिला तर ऊतच आला. इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतो तर थकत कसा नाही? एका कक्षेतून दुसरीत जाताना मधल्या जागेत तो असतो कुठे? समिधा खोकत राहिली.

दिवाळीनंतर एकदा, सूत्र फळ्यावर लिहून होत होतं, तेवढ्यात तो हात पुन्हा वर गेला.

"मैडम, इलेक्ट्रॉन को एनर्जी मिली, वो पहली से दूसरी कक्षा में गया. तो वहाँ तेज़ दौड़ेगा कि धीमा?"

समिधाला हायसं वाटलं. चला, हे तर कोणीही सांगेल! पोटात भाकरी गेली की माणूस जोरात चालतो. ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन मंद कशाला होईल?

"तेज़," ती ठणकावून म्हणाली. "दूसरी कक्षा, तो दुगनी चाल."

पहिल्यांदाच एवढ्या आवाजात उत्तर दिलं होतं. मुली लिहू लागल्या. रश्मी मात्र उभीच.

"मगर मैडम, सूत्र में तो एन नीचे…"

समिधाने फळ्याकडे पाहिलं. कक्षेचा आकडा खरंच छेदात होता. आकडा वाढला की चाल घटायला हवी. आपण चुकलो, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच ती किंचाळली.

"बैठ जाओ! हर बात में मगर, मगर!"

खडू हातातून सुटला. उचलायला वाकली तर बोटं इतकी थरथरत होती, की तो दोनदा निसटला. सगळ्या वर्गाने ते पाहिलं. रश्मी खाली बसली. घंटा झाली तेव्हा समिधाने कोणाकडेही न बघता दार गाठलं. उद्या दुरुस्त करू, तिने स्वतःला सांगितलं. उद्याचं परवावर गेलं, आणि पुढे तो विषय काढायचीच तिला भीती वाटू लागली.

गंमत पाहा, त्या दिवसापासून प्रश्न थांबले. समिधाने पहिला आठवडा देवाचे आभार मानले. हात वर होईनात, पीरियड कसे झरझर सरायचे. "समझ में आया?" "जी मैडम." सगळ्या एका सुरात. घरी जेवण जाऊ लागलं. दुबे सर एकदा दारातून डोकावून, "बढ़िया, अनुशासन है," म्हणून गेले.

पण हळूहळू ती शांतता तिच्या अंगावर येऊ लागली. एवढ्या मुली, आणि एकीलाही काही विचारायचं नाही? ती फळ्याकडे वळली की मागे कुजबुज नसायची, बाकांचा आवाज नसायचा. वळून पाहावं तर सगळ्या तिच्याकडेच बघत असायच्या, आजारी माणसाकडे बघावं तशा. यांनी तक्रार तर केली नसेल? वर कागद गेला असेल का? शिपाई नुसता दारात आला तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

जानेवारीत प्री-बोर्ड झाली. पेपर वरून आलेला, तपासायचा मात्र ज्या त्या शिक्षकाने. रविवारी दुपारी गच्चीवर उन्हात चटई टाकून समिधा गठ्ठा घेऊन बसली. सोबत छापील उत्तरतालिका होती. दुसऱ्या प्रश्नापाशी ती थबकली. पहिल्या कक्षेच्या तुलनेत दुसऱ्या कक्षेत इलेक्ट्रॉनची चाल किती? तालिकेत छापलं होतं, निम्मी.

पहिल्या पेपरात, दुगनी. दुसऱ्यात, दुगनी. तिने बाकीचं सोडून नुसतं तेवढंच उत्तर पाहत सगळा गठ्ठा चाळला. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. रश्मीनेसुद्धा, ठसठशीत अक्षरात.

"अगं, चहा गार होऊन राहिला," नंदाबाई जिन्यातून म्हणाल्या आणि लेकीचा चेहरा पाहून वर आल्या. "काय झालं?"

"आई, मी साऱ्या वर्गाला चुकीचं शिकवलं ग."

"मग बरोबर सांग उद्या. त्यात काय मोठं?"

"बोर्ड तोंडावर आलं आहे. घरी जाऊन सांगतील सगळ्या, मॅडमला काही येत नाही म्हणून. मग आपलं काय होईल?"

नंदाबाईंनाही आता भीती वाटली होती. चहाचा कप तसाच घेऊन त्या खाली गेल्या.

सोमवारी समिधा वर्गात गेली ती हजेरी न घेताच फळ्यापुढे उभी राहिली. मनात आलं, सांगू नये. एका मार्काचा तर प्रश्न. मग रश्मीचं ते ठसठशीत 'दुगनी' डोळ्यांपुढे आलं आणि तिने डोळे मिटून बोलून टाकलं.

"सुनो. दूसरी कक्षा में चाल दुगनी नहीं, आधी होती है. मैंने गलत पढ़ाया था. ठीक कर लो."

तिला वाटलं होतं, गलका होईल. कोणी हसेल, कोणी रागाने बघेल. काहीच झालं नाही. कोणी वही उघडली नाही, कोणाचं पेन हललं नाही. एकीच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

दुसऱ्या बाकावर वैष्णवी लांजेवार होती. वर्गातली एकटीच मराठी पोर, चेरीतालचीच, वडील आयुध निर्माणीत. शाळेत ती कटाक्षाने 'मैडम' म्हणायची. आज ती उठली आणि बाकीच्यांसमोर मॅडमचा मान जाऊ नये म्हणून मराठीत बोलली.

"ताई, आम्हाला मालूम आहे. त्याच दिवशी मालूम झालं होतं."

"मग पेपरात दुगनी काहून लिहिलं?" समिधाचा आवाज चिरकला.

"तो पेपर तुम्ही चेक करणार होत्या न. तुमच्या पेपरात तुमचं लिहिलं." वैष्णवी तिची समजूत घालत होती. "बोर्डात बरोबर लिहू. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

समिधाने टेबलाची कड धरली.

"तुमचे हात कापत होते, ताई. आणि ऑफिसातले लोक बोलत होते, की शिकायत गेली तर तुमची नोकरी जाईल. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, मॅडमला विचारायचं नाही. रश्मी बसमध्ये पुस्तक वाचते, मधल्या सुट्टीत आम्हाला समजावते. बस, चालून राहिलं आहे."

चालून राहिलं आहे! एवढे दिवस आपण यांच्यापासून लपत होतो आणि या पोरी मिळून आपल्याला लपवत होत्या. समिधाला लाज वाटली, रडू आलं, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटली. नोकरी जाईल याची भीती तिच्या ओळखीची होती. ही वेगळीच होती. बारावीच्या वर्गातल्या पोरी जाणूनबुजून चुकीचं उत्तर लिहायला शिकल्या होत्या, आणि शिकवणारी ती होती.

"रश्मी," ती हिंदीत म्हणाली, "अब पूछो. जो पूछना है."

रश्मी उभी राहिली. तिने वैष्णवीकडे पाहिलं, मग खाली. "कुछ नहीं, मैडम."

"पूछो ना बेटा."

"सच में, मैडम. कुछ नहीं पूछना." आणि ती हसली, लहान मुलाकडे बघून हसावं तशी.

ते हसू समिधाला सोसलं नाही. तिने खडू रश्मीच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन तिच्या रिकाम्या जागी बसली. "तो फिर मैं पूछती हूँ. सूत्र मैंने देख लिया. पर समझ में नहीं आता. एनर्जी बढ़ी, तो चाल घटी क्यों? समझाओ मुझे."

रश्मीने घाबरत घाबरत केंद्र काढलं, भोवती दोन वर्तुळं काढली. जवळ असला की केंद्र जोरात ओढतं, म्हणून तग धरायला जोरात पळावं लागतं. लांब गेला की ओढ कमी, तिथे हळू पळूनही निभतं. मिळालेली ऊर्जा लांब जाण्यातच खर्ची पडते. समिधा कान देऊन ऐकत होती. थोडं समजलं, थोडं निसटलं.

आणि तेवढ्यात दारात दुबे सर उभे.

"यह क्या हो रहा है?" फळ्यापाशी मुलगी, बाकावर मॅडम. "टेंबे मैडम, आप वहाँ?"

वैष्णवी ताडकन उठली. "सर, मैडम हमारा रिवीजन ले रही हैं. बारी-बारी से सबको बुला रही हैं." किती सफाईने बोलली पोर! सरांच्या कपाळावरची आठी विरायला लागली. नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवली असती तरी निभावून गेलं असतं.

समिधा उठली. बाक धरूनच ती उभी राहिली.

"नहीं सर. ये झूठ बोल रही है, मेरे लिए. मुझे यह पाठ नहीं आता. मैंने गलत पढ़ाया. इन्हें आता है, मैं इनसे सीख रही हूँ."

दुबे सरांनी फळ्यावरची वर्तुळं पाहिली. मग म्हणाले, "छुट्टी के बाद ऑफिस में आइए," आणि निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात लांब जाईपर्यंत कोणी हललं नाही. समिधाच्या डोळ्यांपुढे आई आली, घर आलं. आता काय होणार, तिला काही कळत नव्हतं.

फळ्यापाशी रश्मी खडू हातात धरून तिच्याकडे पाहत होती, भेदरलेली.

"मैडम," ती हळूच म्हणाली, "एक चीज़ मुझे भी समझ में नहीं आई. पूछूँ?"