तबकातला तयार कॉम्प्युटर

सासूबाई व्हायच्या आधीच रोकियाबाईंनी सगळं तयार ठेवलं होतं. इपोहच्या घरात खोली तयार, पडदे तयार, पडद्यांना शोभेल अशी चादर तयार, आणि होणाऱ्या सुनेनं, वर्दिनानं, शाळेतली नोकरी सोडली की बसायला त्यांच्या पडद्यांच्या दुकानात गल्ल्यामागची खुर्चीही तयार. नोकरी सोडणार का, हे तेवढं कोणी विचारलं नव्हतं. बाईंचा स्वभावच तसा. समोरच्याला भूक लागायच्या आत ताट वाढून मोकळ्या व्हायच्या आणि वर म्हणायच्या, "जेव, गार होतंय."

तर तेलुक इंतानला वर्दिनाच्या वडिलांकडे, अबाहकडे, दोन्हीकडची मंडळी लग्नात एकमेकांना द्यायच्या भेटींच्या तबकांचं ठरवायला बसली. नवऱ्याकडून सात तबकं येणार, नवरीकडून नऊ जाणार. आकडा विषम हवा आणि नवरीचा वरचढ हवा, एवढं शेंबडं पोरही जाणतं. विडा झाला, अत्तर झालं, नमाजाची चटई झाली, बूट झाले. सातव्या तबकापाशी गाडी आली तेव्हा नवरदेव फिक्री हसत म्हणाला, "वर्दिनाला कॉम्प्युटर हवाय."

वर्दिना शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींसोबत स्पर्धांमध्ये गेम खेळायची. टाइमपास म्हणून नव्हे हो. त्यांचा संघ पेराक राज्यात नावाजलेला, आणि कर्णधार ही. जुना कॉम्प्युटर तिनंच जोडलेला होता, पण तो आता धापा टाकत होता.

"घेऊ की," रोकियाबाई म्हणाल्या. "गुलाबी मिळतो बघ, काचेचा. आत दिवे लागतात. वर वॉरंटी."

"तयार नको, माकचिक. सुटे भाग द्या. जोडेन मी," वर्दिना म्हणाली. माकचिक म्हणजे मावशी.

"तबकात सुटे भाग?" बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "लग्नात मोडकं द्यायचं म्हणतेस?"

"मोडकं नाही. न जोडलेलं."

"बघणाऱ्याला काय फरक? भंगारवाल्याची वरात आली म्हणतील." मग त्यांचा आवाज उतरला. "माझ्या लग्नात यांच्याकडून न शिवलेलं कापड आलं होतं. लोक वर्षभर बोलत होते. माझ्या सुनेच्या बाबतीत कोणी तसं बोललेलं मला खपायचं नाही."

वर्दिनाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आज वाईट वाटलं म्हणून मान डोलावली, तर उद्या शाळेच्या राजीनाम्यालाही डोलवावी लागेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"माकचिक, तुमच्या स्वतःच्या घरात कधी तयार पडदा विकत आणून लावलात?"

"ती गोष्ट वेगळी."

"मला ती एकच वाटते. बाकी सहा तबकं तुमच्या मनासारखी करा. हे एवढं माझं राहू दे."

बाईंनी कप उचलून चहा संपवला. शेवटी म्हणाल्या, "बरं बाई. सुटं तर सुटं." अबाहनं सुटकेचा श्वास सोडला.

माक लाँगला मात्र हे पटलं नाही. माक लाँग म्हणजे अबाहची थोरली बहीण, तोंडाची फाटकी. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आयतं शिजवलेलं मिळत असताना चूल कशाला फुंकतेस गं?"

हिला कसं सांगायचं? कोणते भाग मागायचे ते ठरवायला फिक्रीला घेऊन वर्दिना क्वालालंपूरला लो याटच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून एक अख्खा दिवस फिरली होती. हे कार्ड का, ते का नको, वीज पुरवणारा डबा स्वस्तातला का घ्यायचा नाही, यावर दुकानदारांशी तोंड दुखेपर्यंत भांडली होती. एकेक भाग आपल्या हातानं बसवायचा, बटण दाबायचं, आणि पहिल्यांदा पंखा फिरला की जी मजा येते ती दुकानातल्या खोक्याला कुठून येणार? फिक्री दिवसभर तिची पिशवी आणि भागांची यादी धरून मागे मागे होता आणि तिला तो फार आवडला होता.

लग्नाच्या सकाळी अंगणात डफ वाजू लागले. मागच्या मांडवात तुपातल्या भाताचे टोप उतरत होते. वर्दिना पांढऱ्या पोशाखात बायकांमध्ये बैठकीवर बसली होती, समोर जरीचा सोंगकेट नेसलेला फिक्री काझींपुढच्या उशीवर. एकामागून एक तबकं आली. सातवं दोघांनी मिळून उचलून आणलं होतं. रोकियाबाईंनी स्वतः पुढे होऊन वरची जाळी काढली.

गुलाबी, काचेचा, दिव्यांचा. कडेनं रेशमी फुलं डकवलेली, वर रिबिनीची भली मोठी गाठ. बाईंनी लांब वायर टाकून तो चालूसुद्धा केला. बायकांनी वा वा केलं, फोन वर झाले. रोकियाबाईंचा चेहरा आनंदानं फुलला होता, त्यात लबाडीचा मागमूस नव्हता. चांगलं केलं असंच त्यांना मनापासून वाटत होतं. वर्दिनाच्या डोक्यात तिडीक गेली ती म्हणूनच. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तिनं फिक्रीकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं. डफवाले थांबले.

"काल कळलं."

"मग?"

"बोललो नाही," फिक्री म्हणाला. "आईपुढे माझी बोलती बंद होते, तुला ठाऊक आहे."

काझी संमती विचारायला वर्दिनाजवळ येऊन बसले होते. ती त्यांना म्हणाली, "तोक काझी, थोडं थांबाल? माझं एक काम राहिलंय." मग आत्याकडे वळली. "माक लाँग, स्क्रू ड्रायव्हर हवाय."

आता माक लाँगचं मत आपल्याला ठाऊक आहे. पण नवऱ्याकडच्या एका तबकानं आपली नऊ झाकोळली, हे तिला डाचत होतं. ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली.

वर्दिनानं वायर काढली, दिवे विझले. बाह्या वर सारून ती जमिनीवर बसली.

"सील तोडू नकोस," रोकियाबाई म्हणाल्या. "वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

काच निघाली. पंखा निघाला. मेमरीच्या पट्ट्या तिनं एकेक करून विड्याच्या तबकात, पानांशेजारी ठेवल्या. अबाह छताकडे बघत बसले होते. काझी मात्र वाकून वाकून पाहत होते, कारण असं लग्न त्यांनीही बापजन्मात पाहिलं नव्हतं.

माक लाँग जवळ सरकली. "काय निघालं? डुप्लिकेट आहे ना?"

"नाही. अस्सल आहे."

"एखादा तरी भाग हलका असेल."

"नाही, माक लाँग. तारासुद्धा नीट बांधल्यात. कोणीतरी जीव लावून जोडलाय."

माक लाँगचं तोंड एवढंसं झालं. रोकियाबाईंना मात्र आता कंठ फुटला. "चांगला आहे ना? मग कशाला त्याची अशी दशा केलीस? चारचौघांत माझी शोभा का केलीस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वाईट निघेल असं मी कधी म्हटलंच नव्हतं, माकचिक. मी जोडेन म्हटलं होतं. आणि तुम्ही हो म्हणाला होतात."

बाईंनी डोळे टिपले.

ग्राफिक कार्ड जड होतं आणि एका हातानं निघेना. वर्दिना दोनदा ओढून थांबली. तेव्हा उशीवरून फिक्री उठला. निकाहाच्या उशीवरून नवरदेव असा मध्येच उठत नाही. सोंगकेट सावरत तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं खोकं दोन्ही हातांनी धरलं.

"फिक्री, जागेवर बस," आई म्हणाली.

"बसतो, माक. हे निघू दे." खोकं त्यानं सोडलं नाही.

कार्ड निघालं. वर्दिनानं ते अत्तराशेजारी ठेवलं. उरलेले भागही तिनं बाकीच्या तबकांत ठेवले; आता सातही तबकांत कुठे ना कुठे काहीतरी सुटं पडलेलं होतं.

तिनं हात पुसले. "आणि माकचिक, शाळा मी सोडणार नाही. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. आजच सांगून ठेवते, मागाहून तुम्हाला फसवल्यासारखं नको."

काझींनी खाकरून कागद पुढे केला. "बाळ, या मुलाशी लग्नाला तुझी संमती आहे?"

"आहे."

रोकियाबाई त्या रिकाम्या गुलाबी खोक्याकडे बघत होत्या. "जोडशील तू," त्या पुटपुटल्या. "पण उद्या बिघडलं तर जाशील कुणाकडे? सील तुटलं, आता याला कोणी हात लावायचा नाही."

"जायचं कशाला कुणाकडे?" वर्दिना म्हणाली आणि तिनं पेन उचललं. "परत उघडेन."