गुणाजीच्या हातचा बोल्ट

मानपाड्यातल्या आमच्या गॅरेजात लोक माझ्यासाठी कधी आले नाहीत. ते माझ्या भावाच्या, गुणाजीच्या हातगुणासाठी यायचे. त्याने आवळलेला बोल्ट ढिला होत नाही, असं सगळा गाव म्हणायचा. मी धाकटा. राबायचो मीही, पण माझ्या हाताला कुणी गुण चिकटवला नाही. गेल्या शिमग्यानंतर छातीत कळ येऊन दादा गेला आणि गॅरेज माझ्या गळ्यात पडलं.

रविवारी त्याची लेक प्राप्ती त्याचीच गाडी घेऊन आली. ती रोज या गाडीने खडवलीच्या शाळेत शिकवायला जाते. ब्रेक दाबला की चाकातून करकर आवाज येत होता. शेजारच्या सीटवर कलावती वहिनी बसलेली, राखणीला बसावं तशी.

चाक काढलं तर ब्रेक पॅड पार झिजलेले. मी म्हटलं, पॅड बदलतो आणि ते धरून ठेवणारे बोल्टही नवे टाकतो. एकदा खोललेल्या जुन्यांचा भरवसा नसतो. वहिनी खाली उतरली. त्या बोल्टांना हात लावायचा नाही, म्हणाली. त्याने शेवटचे आवळलेले ते हेच. त्याचा हात आहे म्हणूनच पोरगी सुखरूप घरी येते.

माझं डोकं सटकलं. हातगुणाने गाडी थांबत नाही, असं मी तिला सरळ सुनावलं. मग तिने हळूच विचारलं, खोलून तेच परत बसवलेस तर?

“वयनी, एकदा खोलला का दादाचं आवळनं गेलं. मंग जुना काय नि नवा काय, आवळनार मीच.”

बोललो आणि माझं मलाच ते ऐकवेना. भाऊ माझाही गेला होता.

वहिनीने पदर खोचला, माझ्या हातातला पाना घेतला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. बोल्ट जागचा हलला नाही.

“सोडत नाय रं तो,” ती म्हणाली.

मी तिच्या हातांवर हात ठेवले. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा तो सुटला. दादा गेला त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढलेली वहिनी चाकापाशी बसून ओक्साबोक्शी रडली.

नवे बोल्ट मी आवळले. पुन्हा तपासले, परत एकदा तपासले. उद्यापासून पोरगी माझ्या हाताच्या भरवशावर खडवलीला जाणार होती.