बार्बेराचा एक घोट

“भरली वांगी कर. तेल सढळ हाताने घाल,” हे म्हणाले. “चिंच मात्र कमी.”

“का? विन्सेंटला आंबट चालत नाही?”

“अगं, आंबटपणा वाइनमध्येच आहे. बार्बेरा. द्राक्षाचं नाव तेच, वाइनचंही तेच. ती दुसरी, नेबिओलो, जीभ कोरडी करते, मसाल्याशी भांडते. ही आमसुलासारखी. टोमॅटो, वांगं, तेलकट, कुठेही नांदते.”

हे सांगताना चेहरा असा खुलायचा! इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये विन्सेंटच्या वाइनच्या दुकानात ह्यांनी सोळा वर्षं काउंटर सांभाळला. कोणत्या जेवणाला कोणती बाटली न्यावी, हे विचारायला लोक दुरून यायचे. आणि ह्यांनी थेंब चाखला नव्हता. नागपूरहून निघताना सासूबाईंना शब्द दिला होता. सगळी विद्या नाकाची आणि विन्सेंटकडून ऐकलेली.

आदल्या दिवाळीत सासूबाईच फोनवर म्हणाल्या, “इतकी वर्षं विकतोस, एकदा बघ तरी काय असतं ते. सोडला तुला शब्दातून.” महिन्याभरात त्या गेल्या. विन्सेंटने दुकान विकायला काढलं होतं. मग ह्यांनी ठरवलं, ते विकलं जाईल त्या दिवशी, विन्सेंटबरोबर, एकच घोट. विन्सेंटने त्यासाठी आपल्या आजोळच्या गावची बार्बेराची बाटली दिली. ती बेसमेंटच्या कपाटात आडवी ठेवली होती. निजलेल्या बाटलीला हलवू नये म्हणून हे बघायलाही जायचे नाहीत.

दोन हजार सहाचा ऑक्टोबर उजाडला, दुकान विकलं गेलं. त्या सकाळी मी बाटली काढायला खाली गेले, तर कपाटात ती नव्हती.

जानेवारीत बेसमेंटमध्ये माझं हळदीकुंकू होतं. खुर्च्या त्याच कपाटात. त्या काढताना सुलेखावहिनींना बाटली दिसली असती. हे ग्रोसरीच्या दुकानात कामाला आहेत, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. म्हणून बाटली गरम पाण्याच्या टाकीमागे सरकवली आणि विसरले. नऊ महिने! आता ती हाताला कोमट लागली. बूच वर सरकलं होतं, गळ्यावर चिकट ओघळ. ऊब लागली की वाइन नासते, हे ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मी ओल्या फडक्याने पुसली आणि टेबलावर ठेवली.

विन्सेंट टाय लावून आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.

“शशी, यू फर्स्ट.”

ह्यांनी बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली, नाकाशी नेली. हात थांबला. एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी वांगी वाढत राहिले.

विन्सेंटनेही वास घेतला. तोही थबकला. दोघांची नजरानजर झाली.

“परफेक्ट विथ द एगप्लांट,” विन्सेंट म्हणाला.

“परफेक्ट,” हे म्हणाले, आणि घोट घेतला.

विन्सेंटने पेला संपवला. वर आणखी मागितली.

तो गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. हे पुसत होते.

“कशी होती हो?”

“उकडलेल्या मनुकांसारखी.” मग एक ताट उचलत, “टाकीमागे?”

मी नळ मोठा सोडला. “हळदीकुंकवाला... बायका आल्या होत्या...”

“हं.”

“दुसरी आणू या ना. उद्याच आणू.”

“नाही गं. एकच घोट ठरला होता.” ताट पुसून त्यांनी जागेवर ठेवलं.

त्यावर एक शब्द कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं हे गेल्यापासून फार वाटतं.

दुकान विकलं त्याच्या पुढच्या जानेवारीत हळदीकुंकू वर, हॉलमध्येच केलं. रिकामी बाटली धुऊन शोकेसमध्ये ठेवली, लेबल पुढे करून. हे आतल्या खोलीत टीव्ही लावून बसले होते.

“अगं बाई, नीलांबरी, हे काय?” सुलेखावहिनींनी बोट दाखवलं. “दारूची बाटली?”

“आमच्या ह्यांची,” मी त्यांच्या कपाळावर कुंकू टेकवत म्हणाले. “वाइनच्या दुकानात होते ना. सोळा वर्षं. त्यांना सगळं कळतं त्यातलं.”

आतल्या टीव्हीचा आवाज बंद झाला.

मी अत्तरदाणी उचलून पुढच्या बाईकडे वळले.