वत्सलाबाईंचा शालू

मित्रांनो, मी एक जुना शालू आहे. आहे म्हणतो ते सवयीने. खरे तर होतो.

बनारसच्या मागावर विणला गेलो आणि रोह्याच्या वत्सलाबाईंच्या लग्नात त्यांच्या अंगावर आलो. डाळिंबी रंग, रुपेरी जरीचे काठ. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला त्या मला नेसून निघाल्या की बायका माझा पदर हातात घेऊन पाहायच्या. पुढे त्यांचे वय झाले. मी ट्रंकेत गेलो आणि घड्यांवर विरत राहिलो.

मग वत्सलाबाईंना विसर पडू लागला. त्यांची मुलगी आसावरी पेणला शिक्षिका आहे. तिने आईला आपल्याकडे आणले आणि रोह्याचे घर आवरताना मला पेणच्याच एका कारखान्यात देऊन टाकले. तिथे जुन्या भरजरी वस्त्रांची तोरणे, बटवे, आरशांच्या चौकटी करतात. "पडून कुजण्यापेक्षा बरं," आसावरी म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. आईला मात्र तिने विचारले नाही.

कारखान्यातल्या कमळीने मला कापले. तिचा हात हलका होता, तरी कात्री पदरातून गेली तेव्हा मी शहारलो. माझी पाच तोरणे झाली. लोक वाखाणू लागले, आणि खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

एका दुपारी आसावरी धापा टाकत आली.

"माझ्या आईचा शालू परत द्या हो! तिला दुसरं काही आठवत नाही, तो तेवढा आठवतो. तीन दिवस अन्नाला शिवली नाही ती."

कमळीने भिंतीवरच्या तोरणांकडे पाहिले. "ताई, शालू नाय ऱ्हायला. ही तोरणं झाली त्याची."

आसावरीने एक तोरण उतरवले आणि ते हातात धरून ती रडू लागली.

"रडू नका. हाय तेवढं जोडते मी," कमळी म्हणाली.

दोन तोरणे जवळच्या गडब गावातल्या दुकानात गेली होती. आसावरी तिकडे धावली. एक मिळाले, दुसरे कुणी गाडीवाला घेऊन गेला होता. कमळीने टाका टाका उसवला. विरलेले रेशीम कुठे कुठे तिच्या बोटांतच सुटले. उरलेल्याची मांडीवर घेण्यापुरती लहानशी चादर झाली.

"आई, हा बघ तुझा शालू."

वत्सलाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "छान शिवलंय हो कुणी," म्हणाल्या. मग मला बाजूला सारून उठल्या आणि कपाट उपसू लागल्या. "आसावरी, अगो, माझा शालू कुठे गेला?"

मी समोरच होतो. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

त्या अजून रोज शोधतात. आसावरी दोन घास भरवते आणि "आणते हं" म्हणते.

मित्रांनो, जुने वस्त्र जपता येत नसेल तर खुशाल कारागिराच्या हाती द्या. कमळीसारख्या हातात ते पुन्हा जगते. पण ज्याचे आहे त्याला आधी विचारा. त्याला आता काय आठवणार, असे आपल्या मनाने ठरवू नका. माणूस समोर बसलेला आहे, तोवर विचारा.