रिकामा परत न आलेला डबा

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्याकडे बघूनच तुम्हाला कळेल. झाकणाला पोचा आलाय, मुठीला सुतळी गुंडाळलीय आणि पोटावर ठोकलेल्या 'द. गो. परब' या अक्षरांतलं 'गो' आता बोट फिरवलं तरच लागतं. मी मुलुंडच्या परबांचा चार पुडांचा पितळी डबा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. मी भयंकर मत्सरी आहे.

जन्मतः नव्हतो हं तसा. तांबटाने पत्र्यावर हजारदा हातोडी मारून मला घडवलं, तेव्हा मी गोड स्वभावाचा होतो. कल्हईवाल्याने मला निखाऱ्यावर तापवलं, आतून कथलाचा हात फिरवला आणि माझं पोट चांदीसारखं चकाकलं. दशरथ परबांनी मला गिरणीतल्या पहिल्या पगारातून घेतलं. पुढची अठरा वर्षं मी रोज त्यांच्याबरोबर गिरणीत गेलो. जेवणाच्या सुट्टीत माग थांबायचे, चौघेजण मांडी घालून बसायचे आणि माझी कडी निघाली की पलीकडच्या खात्यातली माणसंसुद्धा माना वळवायची. 'परबाचा डबा उघडला वाटतं,' असं कुणीतरी म्हणायचंच. त्यांच्या बायकोच्या, शेवंतीबाईंच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ असायची ना आत. कौतुक उसळीचं व्हायचं, पण फुगायचो मी.

मग संप झाला. तो संपल्याचं कुणी सांगितलंच नाही, आणि दशरथरावांची गिरणी काही उघडली नाही. दोन वर्षांनी त्यांना भांडुपच्या एका कंपनीत काम लागलं. तिथे कँटीन होतं. स्टीलचं खणाखणांचं ताट, एका खणात भात, एका खणात आमटी. मी ते ताट कधी पाहिलं नाही, पण त्याच्यावर जितका जळलो तितका कुणावरच जळलो नसेन. कारण त्या ताटामुळे मी माळ्यावर गेलो, गणपतीच्या मखराशेजारी, तीन वर्षं. पोटातली कल्हई विटत गेली, आणि खाली फळीवर एक लाल प्लॅस्टिकची वॉटरबॅग येऊन मिरवायला लागली. तिच्यावरही मी जळलो. तेवढंच काम उरलं होतं.

आणि एका मे महिन्यात मला खाली उतरवलं.

झालं असं की, परबांच्या लेकीची, शुभाची दहावीची परीक्षा संपली. तिची मैत्रीण कुंदा आणि कुंदाची कॉलेजात जाणारी ताई सुलक्षणा एका दिवसासाठी माथेरानला निघाल्या होत्या. फिरायचं, आणि तिथल्या हॉटेलांत मनसोक्त खायचं, असा बेत. शुभाला जायचंच होतं. आयुष्यात ती कधी मैत्रिणींबरोबर हॉटेलात बसली नव्हती. शेवंतीबाईंनी आठवडाभर ताणलं आणि शेवटी एका अटीवर हो म्हटलं. पहाटे चारला उठून त्यांनी घावणे काढले, उसळ केली. उन्हात टिकावी म्हणून ओला नारळ न घालता सुकं खोबरं भाजून वाटलं. माझी कल्हई विटलेली, म्हणून आंबट थेंबभरही घातलं नाही. तिसऱ्या पुडात लसणीची चटणी, चौथ्यात रव्याचे लाडू. मग मला शुभाच्या हातात देत म्हणाल्या,

"भायरचा काय खाव नको. डबो रिकामो घेवन ये. तसोच भरलेलो इलो, तर फिरणा बंद."

शुभाने मान डोलावली. मी तर आनंदाने वेडाच झालो. तीन वर्षांनी पोट भरलं होतं, ऊन ऊन. ती वॉटरबॅग शुभाच्या खांद्याला होती, मी हातात होतो. हातात असणं जास्त मानाचं, असं मी तिला नेरळ येईपर्यंत ऐकवत होतो.

माथेरानच्या लाल मातीवर पाऊल टाकलं न टाकलं तोच कुंदाने मला बघितलं. ती ऑफिसात साहेब असलेल्या बापाची मुलगी, मनाने वाईट नाही, पण जीभ सुटलेली.

"हे काय गं शुभे, माथेरानला आलीयस का गिरणीत?"

सुलक्षणा हसली. शुभाही हसली, पण तिच्या तळहाताला फुटलेला घाम मला मुठीवर लागला. तिने मला त्या हातातून या हातात घेतलं, मग ओढणीआड धरलं. अठरा वर्षं नावानिशी मिरवलेल्या डब्याला ओढणीआड धरणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळणार.

बाजारातल्या पहिल्या हॉटेलात त्या शिरल्या. काचेची टेबलं, चोहीकडे आरसे, आणि दारातच पाटी: 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' शुभाने ती वाचली आणि मला टेबलाखाली सारलं. बघा गंमत. घरी हॉटेलातलं ते बाहेरचं, आणि हॉटेलात मी बाहेरचा. मी खाली चपलांच्या शेजारी बसलो आणि वरून आवाज ऐकत राहिलो. मसाला डोसे आले. बश्यांची किणकिण, चमच्यांची टणटण. शुभा म्हणाली की काय कुरकुरीत आहे, यार. आमच्या घरी ती कधी 'यार' म्हणत नाही. मला त्या बशीचा असा हेवा वाटला, असा वाटला, की माझ्यात लोखंड असतं तर गंजून गेलं असतं. काय होतं त्या बशीत? पातळ, सपाट, पोट नाही, झाकण नाही, कुणाचं नाव नाही. आणि पोरगी तिच्यावर फिदा.

दुसऱ्या हॉटेलात त्यांनी सँडविच खाल्लं आणि तिसऱ्यात उंच ग्लासातलं गुलाबी काहीतरी प्यायल्या. मी आपला टेबलाखाली. वॉटरबॅगला मात्र टेबलावर जागा. ती काही बोलली नाही, पण मला तिचा सूर कळला.

दुपारी एका झाडाखाली बसल्यावर शुभाचा चेहरा उतरला. डबा भरलेलाच होता. तशीच घरी गेली तर पुन्हा कुठे जायला मिळणार नव्हतं, अकरावीत सगळ्या मैत्रिणी फिरणार आणि ही गॅलरीत उभी. कुंदा म्हणाली की त्यात काय एवढं, माकडं बसलीयत ना ढीगभर, घाल त्यांना आणि डबा धुऊन टाक. आईला काय कळतंय.

शुभाने माकडांकडे एकदा बघितलं. मग तिने मला मांडीवर घेतलं आणि कडीला हात घातला.

मित्रांनो, इथे मी एक गोष्ट केली. कडी थोडी वाकलेली होतीच, नाही असं नाही. पण मी जोरही लावला. बश्यांनी मला हरवलं ते हरवलं, पण पहाटे चारला उठलेल्या बाईची उसळ माकडांपुढे ओतायला मी पोट उघडणार नव्हतो. शुभाने ओढलं, कुंदाने ओढलं, सुलक्षणाने दगड आणून झाकणावर हाणला. हा पोचा तेव्हाचा. कडी हलली नाही. एक माकड तेवढ्यात कुंदाची चिक्की घेऊन गेलं, ते एक बरं झालं.

सुलक्षणा म्हणाली की जेवायच्या ठिकाणी कुणीतरी उघडून देईल. मग बाजाराच्या टोकाला, घोडे बांधतात त्याच्या पलीकडे, तिघी एका छोट्या खानावळीत गेल्या. चार बाकडी, भिंतीत मांडणी, मांडणीत स्टीलच्या ताटल्या उभ्या. चालवणाऱ्या जानकीकाकू स्वतःच स्वयंपाकी, स्वतःच वाढपी. त्यांना बघताच माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला. ही आणखी एक, म्हटलं.

काकूंनी मला ओट्यावर ठेवलं, कडीत खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले आणि लाटण्याने खालून अलगद टिचकी मारली. मी अडून बसणारच होतो. पण तो हात ओळखीचा वाटला. नेमकं कुठे दाबायचं ते ठाऊक असलेला. कडी निघाली.

उसळीचा वास आला आणि काकू थांबल्या.

"खयची गो तू?"

शुभा मुलुंडची म्हणाली.

"तसा नाय. गाव खयचा?"

"आचरा."

काकूंनी बोटाच्या टोकावर उसळ घेऊन चाखली आणि बाकड्यावर टेकल्या. त्यांचं माहेर त्याच बाजूचं, देवगड; सासर नेरळ. वीस वर्षं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला वाढत होत्या, पण स्वतः रोज आपल्याच हातचं खात होत्या. दुसऱ्या बाईच्या हातचं आयतं ताट शेवटचं कधी मिळालं ते त्यांना आठवेना. त्यांनी विचारलं, मी यातलं खाल्लं तर चालेल का. मुलींनी माना डोलावल्या. काकूंनी आधी मुलींना वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली, मग मांडणीतली एक ताटली काढून तीन घावणे आणि उसळ घेतली आणि डोळे मिटून सावकाश जेवल्या. उरलेलं सगळ्यांनी मिळून संपवलं. दोन घावणे कुंदाने एकटीने खाल्ले आणि गिरणीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी रिकामा झालो. अट पुरी झाली. शुभा मला उचलायला गेली, तर काकूंनी तिचा हात बाजूला केला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत धाडायचा नाही, ही रीत. त्यांनी मला घासलं, आत डोकावून बघितलं आणि बिरडं भरलं. कल्हई गेलीय म्हणून करवंदाचं लोणचं माझ्यात न घालता पळसाच्या पानात वेगळं बांधलं. शुभा रडवेली झाली. काकूंना नाही म्हणता येईना, आणि घरी डबा भरलेला दिसला की संपलं.

आणि मी? ज्या हॉटेलांवर दिवसभर जळलो, त्यातल्याच एकाचं जेवण पोटात घेऊन मी डोंगर उतरलो.

दिवेलागणीला शेवंतीबाईंनी दारात मला हातात घेतलं आणि वजनावरूनच त्यांचा चेहरा पडला.

"खाल्लाच नाय."

शुभाला खोटं बोलता आलं असतं. काकूंनी भरून दिलं एवढंच सांगून सुटली असती. पण तिने सगळं सांगितलं. ओढणी, टेबलाखाली, डोसा, आणि माकडंसुद्धा. ओट्याशी जाऊन शेवंतीबाईंनी मला उघडलं, घरच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि उभ्यानेच बिरड्याला लावून खाल्ला. मग खाली बसल्या. त्यांनी जन्मात कधी हॉटेलातलं खाल्लं नव्हतं. दुसऱ्याने रांधून पाठवलेलं, आपण न वाढता समोर आलेलं, असं जेवण त्याही किती दिवसांनी जेवत होत्या कोण जाणे. शुभा दाराशी उभीच होती.

"लसूण ठेचून घातल्यान," त्या शेवटी म्हणाल्या. "मी चिरतंय." आणि बोट चाटून, "हिकाय डबो भरून देवक व्हयो. पुढच्या म्हयन्यात न्हे माका."

दुसऱ्याच आठवड्यात कल्हईवाल्याला हाक गेली. तीन वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा चांदणं पडलं.

आता मी वर्षातून दोनदा डोंगर चढतो. शेवंतीबाई, शुभा आणि कुंदाही. जाताना इथलं भरून, येताना तिथलं भरून. तेव्हा मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर त्याला खाली उतरवा. कल्हई करा, कडीला तेल घाला, आणि दगड तेवढा मारू नका. आणि कुणाचं भांडं तुमच्याकडे आलं असेल, तर चमचाभर साखर का होईना, घालून पाठवा. आम्हाला कळतं.

माझा मत्सर गेला का, म्हणाल तर पूर्ण नाही. पण परवा जानकीकाकूंनी मला ओट्यावर मधोमध ठेवलं, तीन डोकी माझ्यावर वाकली आणि कडी निघाली. मांडणीतल्या त्या स्टीलच्या ताटल्या रांगेने उभ्या राहून एकटक माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मी चांगली ओळखतो.

म्हटलं, बघू देत.