गुंडीचा सोमवार

"जोतीराव, पुन्ना तेच झालं बघा!" म्हणत प्रयागबाईनं डोक्यावरची पाटी दवाखान्याच्या पायरीवर उतरवली. पाटीत रोजच्यासारखी मेथी नव्हती. जुन्या लुगड्याच्या घडीवर गुंडी पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, तोंडाला पिवळा फेस. आधीच मांजराएवढी कुत्री, त्यात अकरा वर्षांची, आणि आज तर पार आक्रसून गेली होती.

"किती डाव ओकली?"

"चार. आन् खालूनबी सुरू हाय."

बारामतीच्या गुरांच्या दवाखान्यात जोतीराम ड्रेसर होता. बावीस वर्षं त्यानं बैलांचे पाय धरले, म्हशींची तोंडं फाकली, जखमा धुतल्या. जनावर बरं झालं की मालक नारळ घेऊन यायचा, तो डॉक्टरांकडे. जोतीरामला कुणी बोललंच तर एवढंच, "काय रं, सायेब हायेत का?" त्याचा कुणावर राग नव्हता. पण आपल्या हातानं बरं झालेलं एक तरी जनावर असावं, अशी त्याची फार दिवसांची हौस होती. पेन्शनीला आता वर्षच उरलं होतं.

डॉक्टर दर सोमवारी दौऱ्यावर जायचे, पार इंदापूर-निमगाव केतकीपर्यंत. आणि गुंडी नेमकी सोमवारीच आजारी पडायची. मग ती जोतीरामच्याच वाट्याला. खडूची पांढरी पूड पाण्यात कालवून तो तिला पाजायचा. दोन दिवसांत कुत्री उभी राहायची, आणि आठवडा सरतो न सरतो तोच पुन्हा पाटीतून यायची.

"सकाळी मुकादम दारात आला हुता," प्रयागबाई म्हणाली. "फेस बघितला आन् म्हनला, म्हातारे, ही पिसाळाय लागलीय. पुढच्या खेपंला आशी दिसली, तर मी इषाची गोळी घालनार. गल्लीत ल्हान पोरं हायेत म्हनला."

दत्तोबा मुकादमाकडे नगरपालिकेतर्फे भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त होता. माणूस वाईट नव्हता, पण बोलला तसं करून दाखवणारा होता.

"ही कुठली पिसाळतीय? पोट बिघडलंय हिचं."

"त्याला कोन सांगनार? जोतीराव, ह्यांनी हिला नरसिंहपूरच्या जत्रंतनं धोतराच्या सोग्यात घालून आनलं हुतं. ह्ये गेले त्याला पाच वर्सं झाली. आता ही गेली, तर घरात मी कुनाशी बोलू?" आणि जिच्या जिभेला सगळा भाजीबाजार टरकून असायचा, ती बाई पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली.

जोतीरामलाही गलबलून आलं. पूड कालवता कालवता त्याला आपला बाप आठवला. बाप मेंढरं राखायचा. मेंढरू हगवणीला लागलं, की म्हातारा आधी औषध शोधत नसे. आधी विचारायचा, काल कुठं चारलं रे ह्याला?

"मावशी, काल हिला खायाला काय दिलं?"

"काय द्यायचं? भाकरीचा कुटका. रोजचाच."

"मंग दर डाव सोमवारीच कसं बिघडतं?"

"मला काय ठावं बाबा? नशीब माजं."

जोतीरामनं पूड पाजली, पण ते कोडं काही त्याच्या डोक्यातून जाईना.

त्या आठवड्याचा रविवार उजाडला. प्रयागबाईच्या गल्लीच्या तोंडाशी खंडोबाचं ठाणं होतं. जोतीराम धनगर, खंडोबा त्याचा कुलदेव. रविवार त्यानं कधी चुकवला नव्हता. कपाळाला भंडारा लावायचा, नारळ फोडायचा आणि पायरीवरच्या कुत्रीला खोबऱ्याचा तुकडा घालायचा. कुत्रं खंडोबाचं. त्याला घास घातल्याशिवाय दर्शन पुरं होत नाही, असं सगळी गल्लीच मानायची. गुंडी बरी होऊन पायरीवर हजर होतीच.

त्यानं तुकडा पुढं केला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

त्याच्या आधी साखरबाईनं गुंडीपुढं तुपातला शिरा ठेवला होता. साखरबाई म्हणजे गल्लीची थोरली; तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. तिच्यामागून कुशाबाईनं दुधात कुस्करलेली पोळी घातली. जोतीराम तुकडा हातात घेऊन कोपऱ्यात बसला आणि बघत राहिला. कुणी भजं घातलं, कुणी गुळाचा खडा. प्रत्येक जण एकच घास घालत होता, आणि "एवढ्याशानं काय हुतंय!" म्हणून हात जोडत होता. एवढ्याशा त्या पोटात दुपारपर्यंत सतरा घास गेले. आणि आजवर दर रविवारी अठरावा त्याचा!

"अरं तिच्या मायला!" जोतीरामनं कपाळावर हात मारला. "रविवारी मीच घालतोय, आन् सोमवारी मीच पूड पाजतोय!"

तो तडक प्रयागबाईच्या दारात गेला. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला.

"जोतीराव, खोटं कशाला बोलू? रविवारी तुपाची धार मीबी घालती. देवाच्या कुत्र्याला कोरडं कसं घालायचं?"

"कुत्रं देवाचं आसंल, मावशी, पर पोट कुत्र्याचंच हाय. त्यात म्हातारं. दाढा पडल्यात, चावत न्हाय, सगळं तसंच गिळतंय."

मग त्यानं सांगितलं. जोंधळ्याच्या कण्या मऊ शिजवायच्या. मीठ नाही, मिरची नाही, तुपाचा थेंब नाही. दिवसातून चार वेळा, पण दर वेळी मूठभरच. पोट बिघडलंच, तर एक वेळ काही नाही, फक्त घोटघोट पाणी. आणि रविवारी दाराला आतून कडी!

त्या रात्री गुंडीला नुसतं पाणी दिलं, आणि तो सोमवार कसाबसा निभावला. पुढं एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. तिन्ही सोमवारी पाटी भाजीनंच भरलेली राहिली. गुंडीच्या अंगावर तुकतुकी आली, कोंबड्यांच्या मागं धावायला लागली. पण चौथ्या रविवारी चंपाषष्ठी आली.

चार महिने वांगं-कांदा न खाल्लेली घरं त्या दिवशी भरीत-रोडगा करतात. निवद आधी देवाला, मग कुत्र्याला. आणि त्या गल्लीत देवाचं कुत्रं म्हणजे गुंडीच. सगळी गल्ली तिला वांग्या-कांद्याचं भरीत चारणार, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम येणार. जोतीराम सकाळीच येऊन प्रयागबाईच्या उंबऱ्यावर बसला.

दुपारी ताटं आली. पंधरा-वीस बाया, पुढं साखरबाई.

"उठा, जोतीराव. निवद घालू द्या."

"न्हाय घालता यायचा, साखरबाई."

"आं? चंपाषष्ठीला देवाचं कुत्रं उपाशी ठिवनार? तुमी धनगर का कोन?"

"धनगर हाय, म्हनूनच बसलोय. मीबी दर ऐतवारी घालत हुतो. एकच तुकडा. तुमीबी एकच घास घालता. आपुन सगळी मिळून हिला मारत आलोय."

"शिव शिव! निवदानं कधी कुनी मरतं व्हय?" साखरबाईचा आवाज चढला. "बावीस वर्सं बैलाची शेपटं धरली, आन् आता देवाला शिकवाय निगाला!"

बाया खुसखुसल्या. जोतीरामचं तोंड लालेलाल झालं, पण तो जागचा हलला नाही. तेवढ्यात भरताच्या वासानं गुंडी आतून सुटली आणि थेट ताटाकडे झेपावली. प्रयागबाईनं तिला वरच्यावर उचलून छातीशी धरलं.

"साखरबाई," ती म्हणाली, "माज्या हातच्या तुपानं हिला चार येळा मरनाच्या दारात न्हेलं. ती गेली आसती, तर आज तुमी कुनापुढं ताट धरलं आसतं? ह्या मानसानं तिला माज्यासाठी न्हाय, देवासाठी राखलीय. निवद घालायचाच ना? तर कण्या घाला. एकेक मूठ. त्या रोज शिजवून मी तिला घालीन, म्हंजी रोजच निवद!"

साखरबाईनं गुंडीकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे. ताट तिनं कुशाबाईच्या हातात दिलं आणि तरातरा घराकडे निघाली. रागावली, असं सगळ्यांना वाटलं. पण ती परत आली ती सुपात कण्या घेऊन.

"मूठभर कशाला? पायली घे," ती घुश्शातच म्हणाली आणि प्रयागबाईच्या दुरडीत सूप पालथं केलं. मग एकेक बाई घरी पळाली. संध्याकाळी दुरडी शिगोशीग भरली आणि पुढं एक डेरा काढावा लागला. भंडारा उधळला गेला, "येळकोट येळकोट" असा गजर झाला, आणि त्या गर्दीत गुंडी आपली मूठभर कण्या खाऊन ढाराढूर झोपली.

दुसरा दिवस सोमवार. डॉक्टर दौऱ्यावर गेले. जोतीराम पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत होता. चोरून कुणी घास घातला असला तर?

दहाच्या सुमाराला प्रयागबाई दिसली. एकटी. डोक्यावर पाटी नाही, कडेवर गुंडी नाही. जोतीराम दोन पावलं पुढं झाला आणि तिच्या मागचा रस्ता न्याहाळायला लागला.

"आसं काय बघताय?" ती म्हणाली. "ती आली न्हाय. मुकादम दारात येऊन उभा ऱ्हायला, तर आशी भुकली त्याच्यावर, आशी भुकली, की त्यो हसत हसत म्हागं फिरला. म्हनला, म्हातारे, ही आजून धा वर्सं मरत न्हाय!"

"मंग तुमी कशाला आला?"

"सोमवार हाय न्हवं? पायाला सवंच लागलीय." तिनं पदराखालून झाकलेलं ताट काढलं. भरीत, रोडगा, वर तुपाची धार. "साखरबाईनं मुद्दाम आज पुन्ना केलंय. म्हनली, गुंडीचा निवद जोतीरावाला द्या."

जोतीरामनं हात धुतले. ज्या पायरीवर तो बावीस वर्षं उभा होता, तिच्यावर आज पहिल्यांदा मांडी घालून बसला.

एक शेतकरी बैल घेऊन फाटकात आला आणि त्यानं विचारलं, "सायेब हायेत का?"

"न्हाईत," प्रयागबाईनंच ठणकावून सांगितलं. "जोतीराव हायेत. जेवतायत. थांब जरा."

शेतकऱ्यानं बैल लिंबाला बांधला आणि तो थांबला.