खळीत पडलेला रिमोट

हर्षाने चाकूचं टोक फटीत घातलं आणि रिमोटचं पोट कडकन उघडलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. रबराच्या बटणांवर पांढुरकी साय धरून वाळली होती, आणि ती कशाची हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. कोशाच्या रेशमी ताण्याला, मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांना, लावायची तांदळाची खळ. घरात मात्र तिने सांगितलं होतं, रिमोट बादलीत पडला.

हा रिमोट गेले काही महिने तिच्या डोळ्यांत सलत होता. नागपूरच्या मोठ्या जावेने, रंजिताने, तो दिवाळीत आणला. सासूबाईंना नीट दिसत नाही. टीव्हीचा एक आणि सेट टॉप बॉक्सचा एक, असे दोन रिमोट त्यांना सांभाळता येत नव्हते. म्हणून रंजिताने दोन्हींचं काम ह्या एकाला शिकवून ठेवलं. लाल बटण दाबलं की टीव्ही लागायचा, बॉक्स सुरू व्हायचा आणि थेट कीर्तनाचं चॅनल यायचं. झालं! त्या दिवसापासून सासूबाईंच्या, कुसुमताईंच्या, तोंडी एकच नाव. शेजारची गोदावरीबाई विरजण मागायला आली, तरी तिला आधी लाल बटण दाबून दाखवायचं आणि मग वाटी भरायची. आणि हर्षा? ती वर्षानुवर्षं सासूबाईंचं अंघोळीचं पाणी काढत होती, डोळ्यांत औषध घालत होती, भात मऊ करून देत होती. पण भाताला काही लाल बटण नसतं. हर्षाचा नुसता जळफळाट व्हायचा.

रिमोट पडला त्या दिवशी अंगणात ताणा मांडलेला होता. एका टोकाला नवरा, भूपेंद्र, कुंचा फिरवत होता आणि हर्षा खळीच्या गंजावर, मोठ्या पातेल्यावर, वाकली होती. सेल बदलायचे म्हणून कमरेला खोचलेला रिमोट सटकला आणि गंजात गेला. सटकला हे अगदी खरं. पुढचं तिने कुणालाच सांगितलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, तांदळाच्या डब्यात पुरून ठेव, तांदूळ पाणी ओढून घेतो. ठेवला. पाणी असतं तर गेलंही असतं. खळ कशाला जाते, ती बसली आणखी घट्ट. करडी गावच्या बाजारातून नवे सेल आणून घातले. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहिलं, तर रिमोटच्या तोंडाशी दिवा लुकलुकेना.

इथवर हर्षाला काही वाईट वाटलं नव्हतं. मेला तर मेला. पण काल रंजिताचा फोन आला की रविवारी येतोय, येताना याच्याहून चांगला नवा आणते. ते ऐकून सासूबाईंचा चेहरा असा उजळला की हर्षाची तव्यावरची पोळी करपली. नवा आला म्हणजे पुन्हा नवं कौतुक आणि पुन्हा गोदावरीबाई. त्यापेक्षा हा जुनाच जिवंत झालेला परवडला.

वाळलेली खळ खरवडून निघत नाही, भिजवावीच लागते, हे विणकराच्या घरात कुणी कुणाला शिकवत नाही. हर्षाने सेल काढून ठेवले, रबर कोमट पाण्यात सोडलं आणि आतली हिरवी पट्टी ओल्या ब्रशने हलकेच पुसली. ओलं लागून बिघडलेली वस्तू पुन्हा ओली करताना ती ब्रश दर वेळी झटकून घेत होती. मग सगळं सुपात घालून उन्हात ठेवलं.

दुपारी जोडला तेव्हा कॅमेऱ्यात दिवा लुकलुकला. पण लाल बटण दाबलं तर टीव्ही ढिम्म. शिकवलेलं सगळं तो विसरून बसला होता. रंजिताला फोन लावला असता, तर तिने लगेच सांगितलं असतं. हर्षाने लावला नाही. दिवाळीत रंजिता हे करत बसली होती, तेव्हा हिने भाजी चिरता चिरता, पाहायचंच नाही असं ठरवून, सगळं पाहिलं होतं. तिने पेटीतले दोन्ही जुने रिमोट काढले, एकेकाचं तोंड ह्याच्या तोंडाला लावलं आणि एकेक बटण शिकवलं. चुकलं, पुन्हा केलं. चहाची वेळ टळून गेली.

संध्याकाळी कुसुमताईंनी लाल बटण दाबलं. टीव्ही लागला आणि मृदंग वाजू लागला.

"पाहाय," त्या म्हणाल्या, "रंजितानं कसं पक्कं बसवलं होतं. पाण्यात पडूनही गेलं नाही."

हर्षाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. सांगावं, हे मी केलं. पण सांगायचं तर खळीपासून सांगावं लागलं असतं. ती स्वयंपाकघराकडे वळली.

सासूबाईंचा अंगठा बटणांच्या कडेकडेने फिरत होता. नजर अधू झाली तरी जन्मभर ताण्यावर फिरलेला अंगठा होता तो. एका कोपऱ्याशी, राहून गेलेल्या खळीच्या कणीवर, तो थांबला. त्यांनी रिमोट नाकाशी नेला आणि मग टीव्हीचा आवाज बंद केला.

"हर्षा, हा बादलीत नाही पडला. खळीत पडला."

हर्षा दारातच उभी राहिली.

"पडला का पाडला?"

"पडला, आई. पण बुडताना मी पाहून राहिली होती. ताणा पुरा झाल्यावर काढला."

टीव्हीतले महाराज आवाजाविना हातवारे करत होते. सासूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"मंग सुधरवला कायले?"

"नवा येऊन राहिला होता म्हणून."

तेवढ्यात सासूबाईंच्या उशाशी मोबाइल वाजला. रंजिताच होती, नवा रिमोट काळा आणू की पांढरा, विचारत होती. हर्षाने भिंतीला पाठ टेकली. आता सगळं बाहेर येणार.

"काहीच आणू नको," सासूबाई म्हणाल्या. "हर्षानं सुधरवला. बटणं बी तिनंच बसवली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "तिले कसं येते म्हणजे? पाहून पाहून शिकली."

बोलणं संपवून त्यांनी मोबाइल हर्षापुढे धरला.

"चार्जिंगले लाव. हा बी रंजितानंच देल्ला आहे," त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला. "खळीपासून जरा दूर ठेवजो."